भाद्रपदातली घाई, मार्गशीर्षातली टोचणी

मराठी चित्रकाराचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही. श्रावण लागला की संपादकांना त्याची आठवण येते, गणपती बसले की कथा यायला लागतात आणि पितृपंधरवड्यात, इतर कुणी नवं काम काढत नाही तेव्हा, त्याच्या घरी तीन-चार दिवाळी अंकांची कामं एकदम येऊन पडतात. कथा व्हॉट्सअॅपवर येते, फॉन्ट फुटलेला असतो. सोबत सूचना: ‘नायिका पस्तिशीची, जरा उदास. बाकी तुम्ही बघून घ्या.’ अर्धं पान उभं ठरलेलं असतं. पारावर बसलेला म्हातारा आणि वर पिंपळ, असं चित्र रंगवून होतं आणि रात्री अकराला निरोप येतो, ‘ताई, खाली पेढीची जाहिरात आली. आडवं करून मिळेल का?’ पिंपळ आडवा होत नाही. तो कापावा लागतो. मग म्हातारा सावलीत विसावलेला न दिसता रस्त्यावर आलेला दिसतो, आणि कथेत नसलेलं दारिद्र्य चित्रात शिरतं. सकाळी फाईल जाते. तक्रार करायलाही सवड नसते.

दिवाळी होते, मार्गशीर्ष उजाडतो आणि फोन गप्प होतो. खरी टोचणी तेव्हा सुरू होते. दुपारी पुस्तक उघडलं तर वाटतं, आपण काम सोडून वाचत बसलोय. शेजारच्या काकू सहज विचारतात, ‘सध्या काही चालू आहे का?’ यावर खरं उत्तर देता येत नाही. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ज्या चित्रकार मंडळींशी बोलणं होतं, त्यातल्या बहुतेकांना ही टोचणी ठाऊक आहे. फुरसत मिळावी म्हणून नोकरी सोडलेल्यांना ती जास्तच होते.

अशा वेळी जुन्या चित्रकारांचं उदाहरण हमखास दिलं जातं: दलाल बघा, मुळगावकर बघा, केवढं काम करून गेले! तेव्हा ते काय परिस्थितीत काम करत होते, हे नीट बघायला हवं. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा घातली, तेव्हा महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. स्कूलमध्ये शिकवत होते. पोस्टर, मुखपृष्ठ, पुस्तकातली चित्रं असं अफाट काम त्यांनी केलं, पण त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. ही एकेचाळीस वर्षं एका संस्थेच्या आसऱ्याने गेलेली आहेत. वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते. ‘ललित’ मासिकाची मुखपृष्ठं आणि त्यातल्या दळवींच्या ‘ठणठणपाळ’ सदराची चित्रं त्यांनी नोकरी सांभाळून काढली. गोव्यातल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा मुंबईत वर्तमानपत्राच्या पगारावर होते. रेषेवर या सगळ्यांचं प्रेम होतं, पण चूल एकट्या रेषेवर पेटत नव्हती.

दीनानाथ दलालांची गोष्ट वेगळी. मडगावात 1916 साली जन्मलेल्या या माणसाने 1944 मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि पुढच्याच वर्षी ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक. चित्र काढणारा आणि चित्र मागणारा एकच असला की पिंपळ कापायचा की जाहिरात हलवायची, हे चित्रकार ठरवतो. कामाचा डोंगर होताच, पण त्या कामावर ताबाही होता. दलाल 1971 मध्ये गेले, पंचावन्नाव्या वर्षी. त्यांच्या चित्रांची संख्या अभिमानाने सांगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, एवढंच.

मला स्वतःला शि. द. फडणिसांच्या पद्धतीतून जास्त शिकायला मिळालं. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ मासिकांसाठी त्यांनी केलेली शब्दाविना हास्यचित्रं घराघरात गेली. साडीवरची उंदरं आणि शेजारच्या शर्टावरची मांजरं हे 1952 चं मुखपृष्ठ आजही माणसं एकमेकांना दाखवतात. पुढे त्यांनी गणिताच्या पाठ्यपुस्तकांत चित्रं काढली. नुसत्या आकड्यांना घाबरणारी पोरं त्या पानांवर रेंगाळायची. पण मुद्दा चित्रांच्या आयुष्याचा आहे. मुखपृष्ठ म्हणून एका दिवाळीपुरतं जन्मलेलं चित्र त्यांनी ‘हसरी गॅलरी’ प्रदर्शनातून गावोगाव नेलं, संग्रहांत छापलं. रोज नवं काही निपजलंच पाहिजे हा हट्ट नव्हता. काढलेलं चित्र जगवायचं होतं.

चित्र जगवायचं तर ते आपल्या ताब्यात हवं, आणि इथे आमच्या धंद्याचा सगळ्यात दुर्लक्षित कागद येतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कलाकृतीच्या कॉपीराइटचा पहिला मालक तिचा कर्ता. पण मोबदला देऊन कुणी रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, आणि वेगळा करार केलेला नसला, तर पहिला मालक ते काढून घेणारा. म्हणजे फोनवरच्या ‘करून टाका हो, आपलंच काम आहे’मध्ये ‘आपलं’ म्हणजे कुणाचं, याचं उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवलंय. ईमेलमध्ये वापर कुठल्या अंकापुरता आणि मूळ चित्राचे हक्क कुणाकडे, एवढं लिहून समोरच्याचा होकार घेतला की ही पंचाईत बरीचशी टळते. हक्क लेखी दिले आणि मुदत लिहिली नाही, तर कलम 19 पाच वर्षं धरतं. प्रदेश लिहिला नाही तर भारत. मार्गशीर्षातली एक दुपार जुने ईमेल चाळून कुठलं चित्र कुणाकडे अडकलंय याची यादी करण्यात गेली, तर तीही कामाचीच. त्या दिवशी कागदावर रेघ उमटत नाही, म्हणून आपण ती कामात धरत नाही.

या व्यवसायातलं निम्मं काम असंच न दिसणारं आहे. कथा दोनदा वाचणं. कोल्हापुरी नऊवारीचा ओचा आणि कोळणीचा कासोटा यांतला फरक बघायला बाजारात उभं राहणं. पैशाची आठवण करून देणारा फोन कुठल्या सुरात करावा याचा विचार करणं, हे तर सगळ्यात दमवणारं. दिसतं ते फक्त इन्स्टाग्रामवर टाकलेलं. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने 2009 मध्ये स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून इंकटोबर सुरू केलं. आता ऑक्टोबरभर रोज एक चित्र टाकणं हे जगभरच्या चित्रकारांचं व्रत झालंय. आपल्याकडे नेमक्या त्याच सुमाराला दिवाळी अंक छापखान्यात जातात. ज्याच्या टेबलावर सात कथा पडल्यात, तो आठवं चित्र फुकट काढत नाही म्हणून स्वतःला आळशी समजतो. याला काय म्हणावं?

यंत्रांनी या टोचणीत भर घातली. 2025 च्या मार्चमध्ये घिबली या जपानी स्टुडिओच्या शैलीतल्या एआय-चित्रांचा पूर आला तेव्हा ओळखीच्या निम्म्या लोकांनी आपले लग्नाचे फोटो तसे करून पाठवले आणि विचारलं, ‘तुला याला किती वेळ लागला असता?’ वेगाच्या या शर्यतीत आपण हरलोत. ती आपली शर्यत नव्हतीच, पण हे शेजारच्या काकूंना कसं समजवायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

एकट्याने बसून यावर उत्तर सापडत नाही; समूहाचा प्रश्न इथेच येतो. जुना चित्रकार घरी बसून काम करायचा, पण त्याचं चित्र एकटं जात नसे. ते घेऊन ब्लॉकमेकरकडे जावं लागे. जस्ताच्या ठोकळ्यावर बारीक रेघ भरून येईल का, हाफटोनचे ठिपके त्या खरखरीत कागदावर उमटतील का, याची चर्चा तिथे उभ्याउभ्या व्हायची. छापखान्यात दुसऱ्या अंकाचा चित्रकार भेटायचा, संपादकाच्या कचेरीत चहा व्हायचा. कुणाला किती मानधन मिळालं हे त्या चहात कळायचं. हा समूह कुणी मुद्दाम बांधला नव्हता, कामातच होता. ऑफसेट आला, मग पीडीएफ आली आणि ती सगळी वाट ‘सेंड’च्या एका बटणात संपली. आता तोच समूह वेगळा वेळ काढून उभारावा लागतो, आणि मग त्याचंही कर्तव्य होऊन बसतं. रविवारच्या बैठकीला गेलं नाही तर आणखी एक अपराध!

तरी जायला हवं, असं माझं मत. गॅब्रिएल कांपानारिओ या सिअॅटलच्या वार्ताचित्रकाराने 2007 मध्ये सुरू केलेल्या अर्बन स्केचर्सची मंडळी मुंबईत आणि पुण्यातही आहेत. सकाळी कुठेतरी जमायचं, दोन तास समोर दिसेल ते काढायचं आणि शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर मांडायच्या. बँकेतला अधिकारी, बारावीची मुलगी, जे. जे.चे निवृत्त मास्तर यांच्या वह्या शेजारी शेजारी पडतात. वाकडा घुमट कुणी लपवत नाही. व्यंगचित्रकारांना ‘कार्टूनिस्ट्स कम्बाइन’सारखी संघटना आणि तिची संमेलनं आहेत. कथाचित्रं आणि मुखपृष्ठं करणाऱ्यांचे मात्र बहुतेक व्हॉट्सअॅपचे गट, आणि त्यांत वाढदिवसाचे केक जास्त.

पण वह्या मिटल्यावर इडलीच्या गाडीशी जे बोलणं होतं, त्यासाठी मी जाते. एखादा नवखा मुलगा दबक्या आवाजात विचारतो, ‘मुखपृष्ठाचे किती सांगू?’ आधी सगळे इकडेतिकडे बघतात. मग एक जण स्वतःचा आकडा सांगतो, दुसरी सांगते की तिने त्याच अंकाकडून दीडपट घेतले, आणि पहिल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पुढच्या वर्षी त्या अंकाला दोघांचा दर एकच ऐकू येतो. एका कोपऱ्यात कुणी एका मैत्रिणीचा अर्धवट राहिलेला अंक पुरा करून देण्याचं कबूल करतं, कारण तिच्या आईचं ऑपरेशन आहे. लाइक मोजणाऱ्या गर्दीत हे घडत नाही. तिथे सगळ्यांचं कायम उत्तम चाललेलं असतं.

अशाच एका बैठकीत 2006 च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याचा विषय निघाला. उद्यम नोंदणी केलेला एकटा चित्रकारही त्यात सूक्ष्म उद्योग ठरतो आणि त्याचे पैसे, करारात काहीही मुदत घातली तरी, काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. नंतर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. गटातल्या एकीने लगेच हिशेब केला: ऑगस्टअखेर दिलेल्या चित्रांचे पैसे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत यायला हवेत. सगळे इतके हसले की गाडीवाल्याने वळून पाहिलं. तिने मात्र त्याच आठवड्यात नोंदणी केली, आणि यंदाच्या प्रत्येक बिलावर तिचा उद्यम क्रमांक ठळक अक्षरांत आहे.