अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि मदतनीस मावशी

आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. आठ-दहा दिवस दवाखान्यात काढून त्यांना घरी आणले. मुलगा नोकरीवर, सून शाळेत शिक्षिका. म्हणून सेवेसाठी एक मावशी ठेवल्या आणि सर्वांना हायसे वाटले. महिन्याभराने आजोबांना ताप आला. डॉक्टरांनी कुशीवर वळवून पाहिले, तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम! घरच्यांनी मावशींना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "दर दोन तासांनी कूस बदलायची, हे मला कोणी सांगितलंच नाही."

असे प्रसंग अनेक घरांत घडतात. मदतनीस ठेवली की आपली जबाबदारी संपली, हा समज त्याच्या मुळाशी असतो.

प्रथम एक फरक लक्षात घ्यावा. परिचारिका दोन-तीन किंवा अधिक वर्षांचे शिक्षण घेऊन परिषदेकडे नोंदणी केलेली असते. मदतनीस बाईंनी काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले असते. कित्येकजणी तर केवळ अनुभवाने शिकलेल्या असतात. म्हणून इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, नाकातली किंवा लघवीची नळी बदलणे ही कामे त्यांना सांगू नयेत. औषधाची मात्रा कमी-जास्त करणेही त्यांच्याकडे सोपवू नये.

मग त्यांचे काम कोणते?

कूस बदलणे : एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो व कातडी मरू लागते. यासाठी साधारणपणे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी. मावशी फक्त दिवसा येत असतील, तर रात्रीची पाळी घरच्यांनी वाटून घ्यावी. चादरीला चुण्या नसाव्यात, अंथरूण ओले राहू नये. माकडहाड, खुबे व टाचा रोज उजेडात पाहाव्यात. दाब काढल्यावरही लाली जात नसेल, तर तीच जखमेची सुरुवात समजावी. अशा जागी चोळू नये, स्पिरिट लावू नये. डॉक्टरांना दाखवावे.

भरवणे : रुग्णाला आडवे ठेवून कधीही भरवू नये. पाठीला आधार देऊन बसवावे, लहान घास द्यावा, एक गिळल्यावरच दुसरा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवावे. वारंवार ठसका लागत असेल तर भरवणे थांबवून डॉक्टरांना विचारावे. अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.

स्वच्छता : रोज अंग पुसणे, तोंड व दात साफ करणे, शौच-लघवीनंतर लगेच स्वच्छता करणे. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगलेली असावी.

नोंद ठेवणे : खाणे, पाणी, लघवी, शौच, ताप आणि कूस बदलल्याची वेळ एका वहीत लिहावी. मावशींना लिहिता येत नसेल, तर घरच्यांनी संध्याकाळी विचारून लिहावे. रुग्ण अचानक गुंगीत गेला, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर हे दिवसभर जवळ असलेल्या मावशींनाच आधी कळते. त्यांचे म्हणणे घरच्यांनी मनावर घ्यावे.

घरच्यांचीही काही कर्तव्ये आहेत. दवाखान्यातून निघण्यापूर्वी परिचारिकेकडून सर्व कृती मावशींना व स्वतःलाही शिकवून घ्याव्यात. जड रुग्णाला एकट्या बाईने उचलू नये. त्यात तिची पाठ दुखावते आणि रुग्ण पडण्याचा धोका असतो. धुणी-भांडी तिच्यावर लादू नयेत. पगार वेळेवर द्यावा, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि त्या दिवशी घरातल्या कोणीतरी सेवा करावी. मावशी रोज काय करतात, हे त्यामुळे नीट समजते.

शेवटी, मावशींच्या हातून काम होईल. पण संध्याकाळी घरी आल्यावर पाच मिनिटे आजोबांचा हात हातात घेऊन बसणे, हे मात्र घरच्यांनीच करायचे असते.