केसपेपरवरची मक्तेदारी मोडा!

एके काळी संस्कृतच्या आड ज्ञान कोंडून ठेवले गेले. आज दवाखान्यातल्या केसपेपरवर इंग्रजीने तेच कुलूप लावले आहे. डॉक्टर 'बीडी', 'टीडीएस' लिहितात. मुळात ही लॅटिन आद्याक्षरे. अर्थ एवढाच की, गोळी दिवसातून दोनदा, तीनदा घ्यायची. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. 'एनबीएम' म्हणजे तोंडावाटे काहीही द्यायचे नाही. पण हे कुणी सांगत नाही, म्हणून चांदूर रेल्वेच्या खेड्यांतून आलेला मजूर नुसती मान डोलावतो.

सिकलसेलच्या बाबतीत हे अज्ञान फार महाग पडते. रक्ताचा हा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासींसोबत आमच्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. अहवालात दोनच अक्षरे असतात. 'एएस' म्हणजे वाहक. तो सहसा आजारी नसतो. 'एसएस' म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के! आणि 'क्रायसिस' म्हणजे रक्तवाहिनीत पेशी अडकून उठणारी असह्य कळ. ते सोंग नव्हे, हे सासरच्यांनाही कळले पाहिजे.

मराठी शाळेतून एएनएम, जीएनएमला गेलेल्या आमच्या मुलींनी या शब्दांना घाबरू नये. घोकंपट्टी सोडून शब्द फोडावेत. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणे. 'हायपोग्लायसेमिया' म्हणजे रक्तातली साखर घटणे. इथे 'हायपो'चे 'हायपर' ऐकले तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे मिळाली पाहिजेत. २०१६ च्या दुरुस्तीनुसार औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे लिहिले पाहिजे. मागणाराच नसेल तर नियम काय कामाचा?

१८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी रुग्णसेवा करताना प्राण वेचले. त्यांच्या लेकींनी रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर हे शब्द समाजाला शिकवावेत. इंग्रजी पचवून वऱ्हाडीत सांगावे, "मावशी, पोराले बिमारी नाही. पण लगन जुळवाच्या आधी पोरीचंही रक्त तपासून घेजा." शिकलेल्यांनी समाजाचे ऋण असेच फेडायचे असते.

जयभीम!