ओढेल, पण पेलेल का?

ऑक्टोबर सरत आला आणि मस्कतची हवा जरा माणसात आली, की आपल्या मंडळींच्या गप्पांचा विषय बदलतो. ए.सी.ची दुरुस्ती मागे पडते आणि 'या वर्षी कुठे जायचं?' सुरू होतं. वहिबाची वाळू, रास अल जिन्झची कासवं, निझव्याचा किल्ला ही नावं ठरलेलीच. पण मागच्या हिवाळ्यात वादी कबीरमधल्या आमच्या तीन कुटुंबांच्या गप्पांत एक नवाच पाहुणा शिरला, फिफ्थ व्हील ट्रेलर. आमच्यातल्या एका वहिनींचे भाऊ कॅनडात असतात. त्यांनी पाठवलेल्या फोटोंत चाकांवरचं अख्खं घर होतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन खोल्या, आणि ते सगळं एका पिकअप ट्रकच्या पाठीवर टेकवलेलं. मुलं तर फोटो पाहूनच सलालाला पोचली!

मग काय, चौकशी सुरू झाली. आणि वादी कबीरमध्ये गाडीची चौकशी करायची म्हणजे सल्लागारांना तोटा नाही. गॅरेजेस, स्पेअर पार्ट्सची दुकानं, जुन्या गाड्यांचे विक्रेते, आणि ज्याने या भागाचं नाव मस्कतभर केलं तो शुक्रवारचा जुना बाजार. इथे प्रत्येकाला गाडीतलं कळतं. आमचा प्रश्न एकच होता, "असा ट्रेलर ओढायला कुठला ट्रक लागेल?" उत्तरं पुष्कळ आली, पण सगळी इंजिनाभोवतीच फिरत होती. व्ही-८ घ्या, टर्बो घ्या, अमुक घोड्यांची ताकद घ्या. हळूहळू आमच्या लक्षात आलं, की खरा प्रश्न ओढण्याचा नाहीच. तो पेलण्याचा आहे, आणि त्याहून जास्त थांबवण्याचा.

आधी नावाविषयी. 'पाचवं चाक' हे नाव घोडागाडीच्या काळातलं. पुढचा आस वळावा म्हणून आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवं चक्र बसवत. चार चाकं जमिनीवर, म्हणून हे पाचवं. आज न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे लांबलचक ट्रेलर याच तत्त्वावर चालतात. पुढच्या इंजिनाच्या गाडीला आपल्याकडचे ड्रायव्हर 'घोडा' म्हणतात. घोड्याच्या पाठीवर एक ताटासारखी पोलादी बैठक असते आणि ट्रेलरची खालची खुंटी, म्हणजे किंगपिन, तिच्या खाचेत जाऊन अडकते. मत्र्याच्या सुलतान काबूस बंदरातली मालवाहतूक २०१४ साली सोहारला हलली. त्याआधी मस्कतमध्ये राहिलेल्यांनी असे घोडे रोज पाहिले असतील. अमेरिका-कॅनडातल्या सहलीच्या ट्रेलरने हीच युक्ती पिकअपच्या हौद्यात आणली.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती समजायला आपली बैलगाडी पुरते. गाडीत पोती मागच्या बाजूला जास्त भरली तर गाडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा सुटतो. सगळी पुढे भरली तर बैलांच्या मानेवर ओझं येतं. शहाणा गाडीवान थोडंसं वजन पुढे राहील असं भरतो. ट्रेलरचंही तेच. मागच्या हुकाला, म्हणजे टो बारच्या गोळ्याला, जोडलेल्या साध्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढे गाडीवर यावं, असा अमेरिकेतला नियम आहे. ते कमी पडलं, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. हैमाच्या वाटेवरच्या सपाट वाळवंटात आडवा वारा सुटला की हा डोल जीवावर बेतू शकतो.

फिफ्थ व्हीलमध्ये हे ओझं मागच्या टोकाला लटकत नाही. ते थेट मागच्या आसावर, किंवा त्याच्या किंचित पुढे, हौद्यात बसतं. म्हणून तो डुलत नाही, वळणावर शहाण्यासारखा वागतो आणि मोठा असूनही आवरता येतो. हा त्याचा मोठा गुण. पण या गुणाची किंमत ट्रकला मोजावी लागते, कारण ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग त्याला अंगावर घ्यावा लागतो. हिशेबाला २० टक्के धरावेत.

वही-पेन घेऊन आम्ही बसलो तो हिशेब असा. समजा, मध्यम आकाराचा फिफ्थ व्हील आहे आणि सामान-पाण्यासह त्याचं कमाल वजन ४,६०० किलो आहे. त्याचे २० टक्के म्हणजे ९२० किलो ट्रकच्या पाठीवर. हौद्यात बसवायची पोलादी बैठक साधारण ८० किलो. आई, वडील आणि दोन वाढती मुलं मिळून २६० किलो. गाडीतल्या बॅगा, कूलर, हत्यारांची पेटी ८० किलो. बेरीज १,३४० किलो.

आता ट्रक पाहा. आखातात सहज दिसणारे फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हेराडो १५००, जीएमसी सिएरा १५०० हे अमेरिकेत 'अर्ध्या टनाचे' म्हणून ओळखले जातात. त्यांच्या जाहिरातीत चार-पाच टन ओढण्याचा आकडा दिमाखात असतो आणि तो खोटाही नसतो. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचा. माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन अंगावर घेऊ शकते, म्हणजे तिचा पेलोड, तो तिथे सापडतो. चार दारांच्या अर्ध्या टनी ट्रकमध्ये तो बहुधा ७०० ते ८५० किलोंच्या आसपास निघतो. आपल्याला हवेत १,३४०! म्हणजे इंजिन ओढेल, पण पाठ मोडेल. मागच्या स्प्रिंगा बसतील, पुढची चाकं हलकी होतील आणि स्टिअरिंग नि ब्रेकची पकड जाईल. चढावर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरचं तोंड उचललेलं ज्यांनी सांगली-कोल्हापूरकडे पाहिलंय, त्यांना जास्त सांगायला नको.

तेव्हा या वजनाच्या फिफ्थ व्हीलला एफ-३५० किंवा सिल्व्हेराडो ३५०० अशा 'एक टनी' वर्गाचा ट्रक लागतो. पाऊण टनी एफ-२५० पुरेल की नाही, ते त्या विशिष्ट गाडीच्या पट्टीवरच ठरतं, कारण जड डिझेल इंजिन आणि चैनीच्या सोयी गाडीच्या स्वतःच्या पेलण्यातूनच वजा होतात. शिवाय हौद्याची लांबी. आठ फुटी हौदा सर्वात सोयीचा. साडेपाच-सहा फुटी आखूड हौद्यात काटकोनात वळताना ट्रेलरचं नाक ट्रकच्या केबिनवर आदळू शकतं. मग मागे सरकणारी खास बैठक घ्यावी लागते.

एवढं कागदावर उतरल्यावर आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "अहो, पण पाणी धरलं का यात?" प्रश्न नेमका होता. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो वाढले. गॅसचे सिलिंडर, बॅटऱ्या, चटया-पांघरुणं आणि आपला मराठी संसार, म्हणजे कुकर, मिक्सर, दहा किलो तांदूळ, लाडू-चिवड्याचे डबे, वेगळेच. कंपनी जे 'रिकामं वजन' छापते त्यात यातलं काहीच नसतं. म्हणून ट्रेलर निवडताना रिकामं वजन पाहू नये, कमाल वजनच धरावं.

वजनाची खात्री भुईकाट्यावर होते. सगळी माणसं बसवून एकटा ट्रक आधी तोला. मग ट्रेलर जोडून, पण फक्त ट्रकची चाकं काट्यावर घेऊन तोला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पाठीवर आलेलं ओझं. शेवटी सगळं मिळून तोला. साखर कारखान्याच्या काट्यावर दुसरा कोणी आपल्याला फसवील अशी भीती असते. इथे काटा न करणारा स्वतःलाच फसवतो.

आता थांबवण्याचं. मस्कत ते सलाला साधारण हजार किलोमीटर. आदम, हैमा, थुमरैत असा बराचसा रस्ता सरळ आणि कंटाळवाणा. थुमरैतनंतर मात्र धोफारचे डोंगर येतात आणि सलालाकडे उतार लागतो. जून अखेर ते सप्टेंबर खरीफच्या दिवसांत तिथे धुकं आणि ओला रस्ता असतो. अशा वेळी चार-साडेचार टन पाठीमागून ढकलत असतात! ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक हवेतच, ट्रकमध्ये त्यांचा कंट्रोलर हवा, आणि ट्रेलर चुकून सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारा स्विचही हवा. उतारावर खालचा गिअर आधी टाकावा. पाय ब्रेकवर सतत ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतात.

वेगाचंही तसंच. हायवेवर पाटी १२० ची असली, तरी ती आपल्या या वरातीसाठी नाही. ताशी ९० वरून १२० ला गेलं की थांबवायची ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. अमेरिकन ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटरच असते. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचायला शिकावं. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी उन्हात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रेलरचं रबर आतून मेलेलं असू शकतं.

जुना अमेरिकन ट्रक घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. गाडी जीसीसी स्पेकची आहे, की अमेरिकेतून आलेली? आखाती उन्हासाठी रेडिएटर आणि ए.सी.ची जास्त क्षमता पहिल्या प्रकारात असते. बाहेरून आलेल्या गाडीचा तिथला अपघाताचा इतिहास तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. आपल्या व्हिसावर आणि पेशावर असा ट्रक आणि ट्रेलर आपल्या नावावर होतो का, मुल्कियात ट्रेलरची नोंद कशी होते, आणि विमा टोइंगला लागू आहे का, ही चौकशी पोलिसांच्या ट्रॅफिक खात्यात आणि विमा कंपनीत आधी करावी. दुकानदाराच्या "हो जाएगा, भाई" वर जाऊ नये. कॅरावान कुठे उभी करता येते याचे नगरपालिकेचे नियमही विचारून घ्यावेत.

हे सगळं जमलं, तरी ट्रेलर ठेवणार कुठे? वादी कबीरच्या आपल्या इमारतींखाली एक सेडान लावताना शेजाऱ्याला हाक मारावी लागते. दहा मीटरचा ट्रेलर आणि सहा मीटरचा ट्रक कुठल्या गल्लीत वळवणार? शिवाय जानेवारी २०१६ पासून ओमानमध्ये पेट्रोलवरचं अनुदान गेलं, आणि एवढं ओझं ओढताना ट्रकची भूक दुपटीच्या घरात जाते. आणि तीन कुटुंबांची अकरा माणसं एका ट्रकमध्ये मावत नाहीतच. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवणं तर कधीच नको. म्हणजे बाकीच्या गाड्या बरोबर न्यायच्याच.

शेवटचा मुद्दा आपल्या परक्या मुलुखातल्या आयुष्याचा. आमच्यातलं एक कुटुंब दोन वर्षांत कायमचं पुण्याला परतणार आहे. दुसऱ्यांची मुलगी बारावीत आहे, तिच्या शिक्षणाचे पैसे बाजूला ठेवलेले आहेत. आपला मुक्काम व्हिसाच्या तारखेपर्यंतचा. निघायच्या महिन्यात सोफा विकताना नाकी नऊ येतात, तिथे एक टनी ट्रक आणि फिफ्थ व्हील घेणारं गिऱ्हाईक कुठून आणणार?

म्हणून आम्ही हिशेब उलटा मांडला. घरात असलेली गाडी काय पेलते, ते आधी पाहिलं. एकांकडे लँड क्रूझर होती. तिच्या पुस्तकातले टोइंगचे आकडे आणि दारावरची पट्टी वाचली. कमाल १,८०० किलोंच्या छोट्या कॅरावानचा पुढचा भार १२ टक्क्यांनी २१६ किलो, माणसं २६०, सामान ६०, बेरीज ५३६ किलो. गाडीच्या मर्यादेत आरामात बसलं. मग तशी छोटी कॅरावान भाड्याने घेतली, आजी-आजोबांची आणि लहानग्यांची सोय तिच्यात, बाकीच्यांचे तंबू. वहिबाच्या कडेला, पक्क्या जमिनीवर, दोन रात्री छान गेल्या. जबल अखदरला ती नेली नाही. बिरकत अल मौझच्या चौकीपुढे फोर-व्हील गाडीच सोडतात, आणि त्या चढ-उतारांवर मागे ओझं लावणं शहाणपणाचं नाही. वादीच्या पात्रात मुक्काम करायचा नाही, हे तर जून २००७ चं गोनू पाहिलेल्या कुणालाच सांगायला नको.

फिफ्थ व्हील वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. कॅनडातल्या भावोजींच्या अंगणात तो शोभतो. ज्यांच्याकडे जागा आहे, पुढची दहा वर्षं इथे काढायची खात्री आहे आणि वर्षातून दोन-तीन महिने फिरायची सवड आहे, त्यांनी जरूर घ्यावा. फक्त क्रम असा ठेवावा. आधी आपली माणसं आणि सामान मोजा. त्यावरून ट्रेलर ठरवा. ट्रेलरच्या कमाल वजनाचे २० टक्के काढून त्यावरून ट्रक ठरवा. आणि पैसे मोजण्यापूर्वी ट्रकचं दार उघडून ती पट्टी स्वतः वाचा.