एका प्लेटला महिना

क्षयावर पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याचं वेळापत्रक गाईड ठरवत नाही, जंतू ठरवतो. ई. कोलाय पोषक द्रवात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. क्षयजंतूला त्यासाठी जवळपास अख्खा दिवस लागतो. पोषक जेलीच्या प्लेटवर त्याच्या वसाहती नुसत्या डोळ्यांना दिसायला तीन-चार आठवडे जातात. विसाव्या दिवशी प्लेटवर बुरशी दिसली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या कामासाठी बीएसएल-3, म्हणजे जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीची, प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळेत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी आतली हवा बाहेर पडत नाही. हातात दुहेरी मोजे, अंगभर झगा, तोंडावर घट्ट मास्क. घोटभर पाणी प्यायचं तरी सगळं उतरवून बाहेर यावं लागतं.

आत चालतं ते काम असं. मॅक्रोफेज ही आपल्या शरीरातली भक्षक पेशी. जंतू गिळायचा आणि तो ज्या पिशवीत अडकला ती पाचक रसांच्या पिशवीला जोडून त्याचा निकाल लावायचा, ही तिची रीत. क्षयजंतू ही जोडणीच रोखतो आणि गिळणाऱ्या पेशीतच बस्तान बसवतो. कोणत्या प्रथिनाच्या जोरावर त्याला हे साधतं, हे शोधायचं तर मॅक्रोफेजमध्ये जंतू सोडायचे, ठरल्या तासाला पेशी फोडायच्या, तगलेले जंतू प्लेटवर पसरायचे. उत्तर महिन्यानं. मग तोच प्रयोग पुन्हा, निदान तीनदा, कारण एकदाच आलेल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) फेलोशिप मात्र जंतू बघत नाही. 2023 पासून ज्युनियरला महिना 37,000 आणि सीनियरला 42,000 रुपये मिळतात, पण मुदत सगळ्यांना सारखीच, जास्तीत जास्त पाच वर्षं. त्यातून कोर्सवर्क, कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा आणि प्रबंधलेखन वजा करा. उरलेल्या काळात महिन्या-महिन्याचे प्रयोग कितीसे बसणार?

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. आपल्या हाती असलेली बीसीजी लस माणसाला प्रथम दिली गेली 1921 मध्ये. लहान मुलांना ती गंभीर क्षयापासून वाचवते. पण 1968 मध्ये तमिळनाडूत चेंगलपट्टूला सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे ती निष्प्रभ ठरली. नव्या लशीची वाट अशाच प्लेटांमधून जाते. त्या प्लेटांपाशी बसणाऱ्यांना सहावं वर्ष अर्ज-विनंत्या करून नव्हे, हक्कानं मिळालं पाहिजे.