'इकिगाई'ला मराठी शब्द नाही. मग 'गावठाण'ला इंग्रजी शब्द कुठे आहे?

जपानी 'इकिगाई', डॅनिश 'ह्युग', पोर्तुगीज 'सौदाद'. 'भाषांतर न होणारे शब्द' असं लिहिलेली कार्डं व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. वर एक परका शब्द, खाली दोन ओळींचं जगण्याचं शहाणपण. पण काही शब्द भाषांतराला दाद का देत नाहीत? उत्तरासाठी टोकियो गाठायची गरज नाही. नवी मुंबईत ते जमिनीच्या कागदपत्रांत सापडतं.

आधी इकिगाईचं बघू

'इकि' म्हणजे जगणं, 'गाई' म्हणजे मोल. जपानी माणसाच्या बोलण्यात हा साधा शब्द आहे. नातवंडं, बागकाम असं काहीही कुणाचं इकिगाई असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी १९६६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मात्र आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई अशी चार वर्तुळांची जी आकृती फॉरवर्ड होते, ती जपानी नाहीच. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश लेखकाची ती आकृती 'उद्देश' या विषयावर होती. २०१४ मध्ये मार्क विन या ब्लॉगरने तिच्या मधोमध 'इकिगाई' लिहिलं. म्हणजे भाषांतर झालंच, फक्त भलतंच!

एक रेष आणि एक शब्द

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. नवं शहर उभं करण्यासाठी आजच्या ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींचं संपादन ठरलं. शेती गेली, मिठागरं गेली, राहिलं ते गावठाण. दिवाळे, अग्रोळी, घणसोली या गावांत आजही टॉवरच्या सावलीत ते दिसतं.

'गावठाण'ला इंग्रजीत काय म्हणाल? 'व्हिलेज' म्हटलं तर शेतशिवारही आलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या इंग्रजी मजकुरातही हा शब्द 'गावठाण' असाच ठेवला आहे. त्याची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. कुटुंबं वाढली, भावाभावांची घरं वेगळी झाली आणि बांधकामं या रेषेबाहेर गेली. आत असलेलं घर वडिलोपार्जित, बाहेरचं अनधिकृत.

त्यातूनच 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्दप्रयोग आला. आंदोलनात तो आहे, सरकारी निर्णयांतही आहे. इंग्रजी बातम्यांत त्याचं 'नीड-बेस्ड' होतं. शब्दशः बरोबर. पण 'गरजेपोटी' म्हणताना माणूस नाइलाज सांगत असतो. 'नीड-बेस्ड' हा एखाद्या योजनेचा प्रकार वाटतो.

'साडेबारा' हा तर नुसता आकडा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना या लढ्यातून पुढे आली. इथे 'आमचा साडेबारा अजून मिळाला नाही' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. आकड्याचं भाषांतर पहिलीतलं मूलही करेल; १९८४ चं कसं करणार?

वाशीच्या बाजारातला शब्द

मुंबईतले घाऊक बाजार १९८० आणि ९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने इकडे आले आणि त्यांच्यासोबत 'माथाडी' आला. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. 'पोर्टर' किंवा 'लोडर' म्हणून भागलं असतं, पण अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यानंतर झालेल्या १९६९ च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही 'माथाडी' आणि 'हमाल' हे शब्द तसेच आहेत. कारण माथाडी म्हटलं की मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि मंडळाकडची नोंदणी हे सगळं सोबत येतं.

या कामगारांच्या गटाला 'टोळी' म्हणतात. शब्दकोशात बघितलं तर समोर 'गँग' दिसेल. बाजार समितीत मात्र टोळी म्हणजे एकत्र ओझं उचलणारी आणि मजुरी वाटून घेणारी माणसं.