काटा नेमकं काय मोजतो?

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओला सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर बसवायचा, तर त्यात मोजमापाचं काहीतरी नवं यंत्र घालावं लागेल असं कुणालाही वाटेल. गंमत अशी, की ते मोजमाप रेडिओ कारखान्यातून बाहेर पडल्यापासून करतोच आहे! आपण फक्त ते वाचायचं.

रेडिओला या मोजमापाची गरज का पडावी? गावातलं मीडियम वेव्ह स्टेशन एरियलवर दणकून आदळतं; समुद्रापलीकडचं शॉर्टवेव्ह स्टेशन त्याच्या हजारांश ताकदीनेही पोचत नाही. तरी दोन्ही जवळपास सारख्याच आवाजात ऐकू येतात. मग आवाजाचं बटण आतून फिरवतं कोण?

1926 च्या सुमारास हॅरल्ड व्हीलर या अमेरिकन तरुणाने यावर तोड काढली. लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या डायोडपाशी एक ऋण व्होल्टेजही तयार होतं. स्टेशन जितकं जोरदार, तितकं ते जास्त ऋण. व्हीलरने ते उलट मागे नेऊन आधीच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वाटेतल्या जाळीवर, दिलं. ऋण ग्रिड इलेक्ट्रॉनना मागे रेटते, प्रवाह घटतो, सिग्नल मोठा करण्याची ताकदही घटते. म्हणजे जोरदार स्टेशन स्वतःच स्वतःला आवरतं!

घाटाच्या उतारावर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर किती दाबला आहे हे पाहिलं, तरी उतार केवढा ते कळतं. आपला मीटर असाच ब्रेक मोजतो.

पण तो जोडायचा कुठे? थेट त्या व्होल्टेजवर साधा मीटर लावला तर वाट लागते. ती तार एवढी नाजूक, की मीटरला लागणारा किरकोळ प्रवाहसुद्धा तिला झेपत नाही. म्हणून हिकमती मंडळी ब्रेक लागलेल्या व्हॉल्व्हकडे वळतात. त्याच्या प्लेटच्या वाटेत मिलीअँपिअर मीटर ठेवला, की घटणारा प्रवाह दिसतो. मात्र उलटा! स्टेशन नसताना काटा पुढे, स्टेशन लागलं की मागे. यावरचा सर्वांत भाबडा आणि मला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे मीटरच डोक्यावर उभा करायचा. (नीटनेटक्या माणसांसाठी पोटेन्शिओमीटरने शून्य साधणारा ब्रिज आहेच.) काही रेडिओंत दिसणारा हिरवा ‘मॅजिक आय’ही त्या ऋण व्होल्टेजवरच चालतो; त्याच्या ग्रिडला प्रवाह जवळपास लागतच नाही, म्हणून तो थेट जोडता येतो.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या शॉर्टवेव्ह सिग्नलच्या मापात एस-9 म्हणजे रिसिव्हरच्या एरियल-टोकांवर 50 मायक्रोव्होल्ट. दर पायरी खाली उतरताना व्होल्टेज निम्मं. एस-1 ला उरतात जेमतेम 0.2 मायक्रोव्होल्ट, व्होल्टचा पन्नास लाखावा भाग! घरी बसवलेल्या मीटरकडून मात्र एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा नको. कुठलं स्टेशन सरस एवढं त्याने सांगितलं, तरी पुष्कळ झालं.

खरी मजा रात्री शॉर्टवेव्हवर. निवेदकाचा आवाज स्थिर आणि काटा मात्र डोलतोय! लहरींना खाली परतवणारा शेकडो किलोमीटर उंचीवरचा आयनांबर हलतो, वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडतात. हे चढउतार रेडिओ कानापासून लपवतो; मीटर डोळ्यांना दाखवतो.

हौस असेल तर जरूर करून पाहा, पण व्हॉल्व्हच्या सर्किटची जाण असलेला माणूस शेजारी हवाच. आत दोन-अडीचशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटर झटका देतात, आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही सेटची चासी थेट घरच्या विजेला जोडलेली असते.