शोभिवंत पाम : बीजापासून रोपापर्यंत

जबलपूरच्या पूर्वेस सुमारे ७५ ते ८० किलोमीटर अंतरावर, दिंडोरी जिल्ह्यात, घुघुआ हे ठिकाण आहे. तेथे विखुरलेल्या दगडांपैकी पुष्कळसे दगड म्हणजे वस्तुतः वृक्षांचे अश्मीभूत बुंधे होत. त्यांत पामवृक्षांचेही बुंधे आढळतात. हे अवशेष सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात व १९८३ साली या स्थळाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. नर्मदेच्या परिसराला पाम परका नाही, हे यावरून दिसून येते; बदलले आहे ते हवामान. आज जबलपूरच्या एखाद्या अंगणात बीजापासून पाम वाढवू पाहणाऱ्याला मुख्यतः एकच गोष्ट साधावी लागते. बीजाला काही महिन्यांपुरती ती जुनी ऊब आणि ओलावा पुन्हा मिळवून द्यावा लागतो, आणि तोही बीज जिवंत आहे तोपर्यंतच.

गुलाबाचे कलम करता येते, जास्वंदीची फांदी लावता येते. मग पामाला बीजच का हवे? पाम ही एकदलिकित वनस्पती आहे. कलम जुळून येण्यास खोडातील ज्या वाढत्या थराची गरज असते, तो थर पामात नसतो. शिवाय बहुतेक जातींत प्रत्येक खोडाला शेंड्याशी एकच वाढता कोंब असतो. तो छाटला की ते खोड मरते. झुडपासारख्या वाढणाऱ्या काही जातींचे, उदाहरणार्थ सोनेरी अथवा अरेका पामाचे, फुटवे वेगळे करता येतात. परंतु एकाकी खोडाच्या रॉयल पामासारख्या जातींना बीजावाचून गत्यंतर नाही.

पामाचे बीज हे गहू-हरभऱ्याच्या बीजासारखे नसते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. धान्याचे बी वाळवून वर्षभर कणगीत ठेवता येते. उष्ण प्रदेशातील बहुतेक पामांचे बीज मात्र वाळले की त्यातील गर्भ मरतो. बाहेरून ते तसेच टणक व निरोगी दिसते, आणि येथेच नवशिक्याची फसगत होते. महिनोन् महिने तो निर्जीव बीजाला पाणी घालीत राहतो. खजूर हा याला प्रसिद्ध अपवाद आहे. इस्राएलमधील मसादा येथील उत्खननात सापडलेले सुमारे २००० वर्षांपूर्वीचे खजुराचे एक बीज २००५ साली रुजले. परंतु अशा अपवादावर विसंबून शोभिवंत पामाचे बीज फडताळात ठेवणे योग्य नव्हे.

म्हणून पूर्ण पिकलेली फळे झाडावरूनच, किंवा नुकतीच गळली असता, गोळा करावीत. सोनेरी पामाची फळे पिकताना पिवळी होतात, तर रॉयल पामाची जांभळट काळी होतात. गर अंकुरणास अडथळा करतो व त्यावर बुरशीही धरते. म्हणून तो चोळून काढून बीज स्वच्छ धुवावे. भेरली माडाच्या फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात व त्यांनी त्वचेची आग होते; ही फळे हातमोजे घातल्याशिवाय हाताळू नयेत. बीज जुने असल्याची शंका आल्यास दोन-चार बिया कापून पाहाव्यात. गर्भ पांढरा व घट्ट असून आपल्या खळगीत भरून राहिलेला असावा. तपकिरी, आकसलेला गर्भ मृत समजावा. स्वच्छ केलेले बीज एक ते तीन दिवस पाण्यात भिजत ठेवावे व पाणी रोज बदलावे.

यानंतरचा प्रश्न उष्णतेचा. बहुतेक पामांचे अंकुरण ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. जबलपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तर जानेवारीच्या रात्री तो १० अंशांच्या आसपास उतरतो. त्यामुळे होळीनंतर पेरणी करणे श्रेयस्कर. सोनेरी पामाला उगवण्यास साधारणपणे एक ते दोन महिने लागतात. कित्येक जातींना शंभराहून अधिक दिवस लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पेरलेल्या बीजाला उन्हाळ्याची ऊब मिळते आणि रोपाला पुढे सगळा पावसाळा लाभतो. शरद ऋतूत पेरलेले सावकाश उगवणारे बीज मात्र थंडीत निपचित पडते व ओल्या मातीत कुजते. फळे हिवाळ्यातच मिळाली, तर धुतलेले बीज किंचित ओलसर भुशात, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, घरातील उबदार जागी ठेवावे. शीतकपाटात ठेवू नये.

या भागातील काळी माती पाणी धरून ठेवते. केवळ तीच कुंडीत भरल्यास बीज गुदमरते. जाड वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा अथवा कुजलेला पाचोळा समभाग घ्यावा. बीज जेमतेम झाकले जाईल इतकेच खोल पेरावे. कुंडी सावलीत ठेवून वर पातळ प्लॅस्टिक ताणावे, म्हणजे उन्हाळ्यातील लू लागून माती कोरडी पडणार नाही. एकदा ओली आणि एकदा कोरडी, अशी मातीची अवस्था बीजाला सर्वांत घातक असते.

अंकुरणाच्या दोन तऱ्हा आहेत. सोनेरी पाम व रॉयल पाम यांचा कोंब बीजाला लागूनच वर येतो. खजूर, शिंदी व चिनी पंखा-पाम यांच्या बीजातून प्रथम एक दांडा खाली उतरतो आणि कोंब बीजापासून दूर, जमिनीत खोलवर फुटतो. म्हणून या जातींना २० ते २५ सेंटिमीटर खोल कुंडी द्यावी. पृष्ठभागावर काहीच दिसत नाही म्हणून माती उकरून पाहणाऱ्याच्या हातून नेमका हाच दांडा तुटतो.

अनेक जातींत पहिले पान अखंड, गवताच्या पात्यासारखे असते. निंदताना ते तण समजून उपटले जाण्याचा संभव असतो. एक-दोन पाने आल्यावर रोप वेगळ्या कुंडीत लावावे, पण त्याला चिकटलेले बीज तोडू नये, कारण रोपाचे पोषण अद्याप त्यातूनच चालू असते. कोंबाचा बुडखा मातीत खोल पुरू नये. पहिल्या हिवाळ्यात कुंड्या भिंतीच्या आडोशाला ठेवाव्यात व पाणी कमी करावे.

यापुढे कित्येक वर्षे खोड दिसत नाही, याने निराश होण्याचे कारण नाही. पामाचे खोड इतर वृक्षांप्रमाणे वर्षानुवर्षे वलये धारण करून जाड होत नाही. उंच वाढण्यापूर्वीच ते आपली जाडी बहुतांशी पुरी करून घेते. पामाच्या बाबतीत घाई करावयाची ती फक्त फळ झाडावरून उतरल्यापासून बीज मातीत जाईपर्यंत. नंतरचे सारे काम धीराचे आहे.